एकेचाळिसावी प्रत

लग्नकार्यात कुणी विचारलं की मी काय करते, तर मी "कॉम्प्युटर" एवढंच सांगते आणि वाटीतल्या मठ्ठ्याकडे बघत राहते. बहुतेकांना तेवढं पुरतं. एकदा मात्र शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या मामांनी फारच खोदून विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "मी कॉपी पकडते." मामा एकदम खूश. "बोर्डात लागलीस होय? आईने सांगितलं नाही ते." मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. तो दूर करायला निदान पंधरा मिनिटं बोलावं लागलं असतं आणि सलग पंधरा मिनिटं मी तोवर कुणाशीच बोललेले नव्हते.

आता संपादकांनीच कामाबद्दल लिहायला सांगितलंय. लिहिताना समोर कुणी नसतं, हे बरं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी लिहिताना मी अजून ऱ्हस्व-दीर्घाला घाबरते. आईने हा लेख दोनदा तपासलाय. एका जागी तिने पेन्सिलीने "हे कशाला?" असं लिहिलंय. ती जागा पुढे येईल.

आमची कंपनी वागळे इस्टेटमध्ये, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली रबराचे वायसर बनतात, त्यामुळे आमच्याकडच्या प्रत्येक कागदाला रबराचा वास असतो. मी लागले तेव्हा आम्ही सगळे मिळून नऊ जण होतो. कंपनीचे मालक केळकर सर यांनी दर शनिवारी फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लिहायची पद्धत ठेवली होती: या आठवड्यात प्रोग्रामच्या किती ओळी लिहिल्या. ज्याच्या ओळी जास्त तो हुशार. साहजिकच सगळे एकदा चाललेला प्रोग्राम उचलायचे, त्याची प्रत काढायचे, नावं बदलायचे आणि खाली दहा ओळी स्वतःच्या घालायचे. माझ्या शेजारी बसणारी रेश्मा यात सगळ्यात तरबेज. ती दर शनिवारी पहिली यायची आणि मला वडापाव खिलवायची.

मग दोन हजार साल जवळ यायला लागलं. याबद्दल आता पेपरात रोज इतकं छापून येतं की नव्याने सांगायला नको, पण थोडक्यात सांगते. जुन्या प्रोग्राममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले असतात. नव्याण्णवनंतर शून्य-शून्य आलं की मशीनला वाटतं आपण शंभर वर्षं मागे गेलो. उपाय सोपा आहे, जिथे जिथे तारखेचा हिशेब आहे तिथे दुरुस्ती करायची. अवघड आहे ते 'जिथे जिथे' शोधणं. कारण कुणीतरी दहा वर्षांपूर्वी तो हिशेब एकदा लिहिलेला असतो आणि मग बाकीच्यांनी त्याच्या प्रती काढून, नावं बदलून, गावभर वाटलेल्या असतात. एकोणचाळीस ठिकाणी दुरुस्त केलं आणि चाळिसावं राहिलं, तर काही दुरुस्त केलंच नाही असं समजायचं.

केळकर सरांनी एक दिवस माझ्या टेबलावर छापील कागदांची गुडघ्याएवढी थप्पी ठेवली. म्हणाले, "तू बोलत नाहीस, वाचतेस. यातलं सारखं सारखं काय आहे ते शोध." तेच माझं नेमणूकपत्र.

कॉपी पकडायची कशी, ते सांगते. ओळीशी ओळ ताडून पाहिली तर काहीच सापडत नाही, कारण चोरसुद्धा नावं बदलण्याइतका हुशार असतो. समजा दोन वह्यांत लाडवांची कृती आहे. एकीत रवा आहे, दुसरीत बेसन. एकीत वेलची, दुसरीत जायफळ. वाचताना वेगळ्याच वाटतात. पण सगळ्या जिनसांची नावं खोडून तिथे नुसतं 'जिन्नस' लिहा आणि सगळी मापं खोडून 'माप' लिहा. मग दोन्हीकडे उरतं ते असं: जिन्नस तुपावर भाज, गार कर, जिन्नस घाल, वळ. झाली की चोरी उघड. मी तेवढंच करणारा एक लहानसा प्रोग्राम लिहिला. तो सगळी नावं पुसायचा, सगळे आकडे पुसायचा आणि मग सांगाडे ताडायचा.

निकाल बघायला मी कागदावर चांदण्या छापायचे. प्रोग्रामच्या ओळी आडव्या मांडायच्या, त्याच ओळी उभ्या मांडायच्या आणि जिथे सांगाडा जुळेल तिथे एक चांदणी. कॉपी असली की चांदण्यांची तिरकी रेघ दिसते. रेघ मध्येच तुटून जराशी बाजूला सरकली, तर समजायचं की प्रत काढणाऱ्याने तिथे एखाद-दोन ओळी घुसवल्यात. पहिल्यांदा मी असे आठ कागद चिकटवून जमिनीवर पसरले, तेव्हा झाडायला आलेल्या शेवंताबाई दारातच थांबल्या. रांगोळीवरून झाडू फिरवायचा नसतो, म्हणाल्या, आणि त्या दिवशी ऑफिस झाडलं गेलं नाही.

सरांनी पहिला प्रयोग आमच्याच प्रोग्रामवर करायला लावला. त्या शनिवारी फळ्यावरचे आकडे निम्म्याहून खाली आले. रेश्मा म्हणाली, "बाई गं, तू आल्यापासून माझ्या ओळी आटल्या." वडापाव मात्र चालू राहिला, फक्त त्या दिवशी तिने माझ्यातला अर्धा खाल्ला.

आता आईने पेन्सिल लावलेली जागा. डोंबिवलीत एक वधू-वर सूचक मंडळ होतं. ते चालवणाऱ्या सामंतबाई एकदा संतापून आमच्याकडे आल्या. त्यांनी कुणाकडून तरी स्वस्तात प्रोग्राम करून घेतलेला. मुलीची माहिती टाकली की तो छान चिठ्ठी छापून द्यायचा. पण अशीच एक चिठ्ठी कल्याणच्या एका स्थळाकडे गेली आणि त्या लोकांनी रागाने परत पाठवली. चिठ्ठीच्या तळाशी बारीक इंग्रजीत छापलं होतं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

मला तो प्रोग्राम उघडून बघायला अर्धा दिवस पुरला. तो स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानाचा होता. पार्ट नंबरच्या जागी उमेदवार क्रमांक घातलेला, कंपनीच्या जागी गोत्र, मॉडेलच्या सालाच्या जागी जन्मसाल. तळाची ओळ बदलायची राहून गेलेली. शिवाय आत आणखी एक गंमत होती. एखाद्या प्रकारचे पाचाहून कमी 'नग' उरले की नवीन मागणी नोंदवा, असा इशारा तो द्यायचा. सामंतबाई म्हणाल्या, "तरीच. गेल्या महिन्यापासून तो सारखा देशस्थ मुलं मागतोय."

नमुना म्हणून त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला होता. तो चाळताना सातवी चिठ्ठी माझी निघाली. जन्मसाल, उंची, 'स्वभाव शांत', आणि खाली: शिल्लक नग एक. आईने मला न सांगता नाव घातलेलं. मी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली, प्रोग्राम दुरुस्त केला आणि घरी काहीच बोलले नाही. आईला हे या लेखातूनच कळलंय.

आता खरी गोष्ट.

ठाण्यात एक औषधांचा कारखाना आहे, त्याचं नाव सांगत नाही. त्यांचा सगळा कारभार एकाच माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामवर चालायचा. तो माणूस म्हणजे वैती. चेंदणी कोळीवाड्यात राहणारे, कारखान्यात कॉम्प्युटरच्या कार्डांना भोकं पाडण्याच्या कामावर लागलेले आणि मग बघून बघून सगळं शिकलेले. मी गेले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. उंच, काळेसावळे, शर्टाच्या खिशात तीन पेनं. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले तर म्हणाले, "काय गो बाय, आत ये. मशीन चावत नाय." मी हसले, थप्पी घेतली आणि कोपऱ्यात जाऊन बसले. तीन आठवडे मी तिथे बसत होते आणि 'गुड मॉर्निंग'पलीकडे त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ते दुपारी डब्यातला सुकटीचा एखादा घास पुढे करायचे, मी मान हलवून नको म्हणायचे.

कारखान्यात नवे मॅनेजर आले होते, प्रभूसाहेब. त्यांना जुनं सगळं काढून टाकायचं होतं आणि जुन्यात वैतीही होते. त्यांनी केळकर सरांना सांगूनच टाकलेलं की या माणसाने आयुष्यभर नुसती कॉपी मारलीय असं त्यांना वाटतं, तेवढं कागदावर दाखवा, म्हणजे त्याला कल्याणच्या गोदामात आवक-जावकच्या टेबलावर पाठवता येईल. हे सरांनी मला सांगितलं. वैतींना कुणी सांगायची गरजच नव्हती, सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

आणि कॉपी तर होतीच. चांदण्यांचे कागद रेघांनी भरून गेले. बाटलीवर छापायची मुदतीची तारीख काढणारा एक तुकडा होता, त्याच्या मला एकेचाळीस प्रती सापडल्या. गोळ्यांसाठी एक, मलमासाठी एक, खोकल्याच्या औषधासाठी एक, अशा. चाळीस प्रती हुबेहूब. एकेचाळिसावी, डोळ्यांत घालायच्या थेंबांची, तिथे रेघ तुटून बाजूला सरकलेली. दोन ओळी जास्तीच्या.

मी त्या दोन ओळी बघितल्या. तारीख बाटली भरल्याच्या दिवसापासून मोजण्याऐवजी भलत्याच कुठल्यातरी तारखेपासून मोजली जात होती. चाळीस जण एक बोलतायत आणि एक जण वेगळं, म्हणजे तो एक चुकतोय, असं मी धरलं. वैती माझ्यापासून आठ फुटांवर बसलेले होते. उठून विचारायचं, तर आधी वाक्य जुळवायचं, मग मध्येच मराठी शब्द अडणार, मग ते हसणार. मी विचारलं नाही. रिपोर्टात स्वच्छ इंग्रजीत लिहिलं: निम्म्याहून जास्त भाग नक्कल केलेला आहे, एकेचाळिसाव्या प्रतीत चूक आहे, सगळ्यांच्या जागी एकच तुकडा ठेवावा. तो तुकडाही मी लिहून दिला. माझं इंग्रजी चांगलं असल्यामुळे रिपोर्ट फार छान दिसत होता. प्रभूसाहेबांनी तो वाचून बैठक ठेवली, पुढच्या सोमवारी.

शनिवारी वैती वागळे इस्टेटला आमच्या ऑफिसात आले. आयुष्यात पहिल्यांदाच. माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि खिशातून दोन लेबलं काढून समोर ठेवली. माझ्या तुकड्याची चाचणी त्यांच्याकडेच दिलेली होती.

"यांच्यात काय फरक हाय, सांग."

दोन्ही लेबलं डोळ्यांच्या थेंबांची. जुन्या प्रोग्रामचं एक, माझ्या प्रोग्रामचं एक. माझ्या लेबलावर मुदत एक महिना पुढची.

"एक महिना," मी म्हणाले.

"हं. ते औषध एका दिवशी कालवतात. मग दोन-तीन दिवस तपासणीला ठेवतात आणि मग बाटलीत भरतात. आयुष्य कालवलं तेव्हापासून मोजायचं, भरलं तेव्हापासून नाय. लेबलावर नुसता महिना आणि साल छापतात. तीस तारखेला कालवलं आणि तीन तारखेला भरलं, का तुझ्या हिशेबाने महिना वाढला. डोळ्यात घालायचं औषध हाय ते, बाय."

ते शांतच होते. थेंबांच्या विभागातल्या नाईकबाई पंच्याऐंशी साली स्वतः येऊन हे सांगून गेल्या होत्या, म्हणाले, आणि त्याच दिवशी त्यांनी त्या दोन ओळी घातल्या. इतक्या प्रती का काढल्या, तेही न विचारता सांगितलं. कारखाना एक दिवसही बंद ठेवता यायचा नाही. थेंबांच्या तुकड्यात हात घातला आणि काही बिघडलं तर निदान गोळ्यांची लेबलं छापत राहावीत, म्हणून प्रत्येकाचा तुकडा वेगळा. घरी जाळी विणतात त्याचं उदाहरण दिलं. गाठ सगळीकडे तीच, पण कोळंबीच्या जाळ्याची आस, म्हणजे भोक, बारीक आणि रावसाच्या जाळ्याची मोठी. गाठी सारख्या दिसल्या म्हणून कुणी दोन्ही जाळी एक करत नाही.

मग एवढंच म्हणाले, "तू मला विचारलं असतंस तर दोन मिनिटांचं काम होतं. मी काय चावतो?"

लेबलं तिथेच ठेवून ते जिना उतरले. प्रभूसाहेबांना दाखवलंत का, हे मी विचारलं नाही, पण कळलं होतं. दाखवलेलं नव्हतं. सोमवारी बैठकीत ती दोन लेबलं त्यांनी टेबलावर टाकली असती, तर ते सुटले असते आणि माझी नोकरी गेली असती. त्याऐवजी ते ती माझ्याकडे ठेवून गेले.

रविवारभर माझ्यापुढे दोन रस्ते होते. तुकडा गुपचूप दुरुस्त करायचा. कुणाला कळलं नसतं, बाटल्यांवरही बरोबर तारीख आली असती, रिपोर्टातला कॉपीचा आकडा तसाच राहिला असता आणि वैती कल्याणच्या गोदामात गेले असते. दुसरा रस्ता तोंड उघडायचा होता.

बैठकीत आम्ही चौघंच होतो. माझ्या वतीने नेहमीप्रमाणे केळकर सर बोलत होते. प्रभूसाहेबांनी रिपोर्ट मिटला आणि वैतींकडे न बघता म्हणाले की चित्र स्पष्ट आहे. तेव्हा मी म्हणाले, "रिपोर्टात चूक आहे. माझी."

छताचा पंखा बोलला असता तर केळकर सरांनी त्याच्याकडे जसं बघितलं असतं, तसं माझ्याकडे बघितलं. मी लेबलं पुढे सरकवली आणि सगळं सांगितलं. रिपोर्ट इंग्रजीत होता, पण मी मराठीत सांगत होते. दोनदा शब्द अडले. कुणी हसलं नाही.

प्रभूसाहेबांनी दोन्ही लेबलं उजेडात धरली. "म्हणजे ही कॉपी नाहीये, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"कॉपीच आहे. चाळीस ठिकाणी. ती एक करता येईल. पण कुठली एक करायची नाही, ते कुठेच लिहिलेलं नाही. ते यांना माहीत आहे. मी तीन आठवडे बसले आणि तरी चुकले."

"अशा आणखी किती जागा आहेत?"

"मला नाही माहीत. यांना विचारावं लागेल."

प्रभूसाहेब वाईट नव्हते, घाईत होते. त्यांनी लेबलं माझ्याकडे परत दिली. "मग विचारा," म्हणाले. "दोन हजारच्या आधी." कल्याणच्या गोदामाचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि नंतरही निघाला नाही.

बाहेर आल्यावर वैती म्हणाले, "काय गो, बोलता येतं की तुला."

पुढचे आठ महिने मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांना प्रोग्राम क्रमांकाने आठवायचे नाहीत, माणसांनी आठवायचे. ही नाईकबाईंची, ही त्या लंगडणाऱ्या फोरमनची, ही एका साहेबाने रागाने करायला लावलेली. माझ्या चांदण्यांनी न पकडलेल्या कॉप्याही त्यांनी दाखवल्या. दोन तुकडे असे होते की सांगाडाही जुळत नव्हता, पण काम तेच. "हा मी तरुणपणी लिवला, हा अक्कल आल्यावर," म्हणाले आणि खूप हसले. तसली कॉपी माझा प्रोग्राम अजून पकडू शकत नाही. सुकट मी दुसऱ्या महिन्यात खाल्ली. त्याआधी इतके दिवस उगाच नको म्हणत होते.

चाळीस प्रतींची एक झाली. एकेचाळिसावी तशीच ठेवली. प्रोग्रामच्या मधे माणसांसाठी चार शब्द लिहून ठेवता येतात, मशीन ते वाचत नाही. वैती म्हणाले, तुझं इंग्रजी चांगलं, तू लिही. मी त्या दोन ओळींच्या वर लिहिलं: हे बाकीच्यांत मिसळू नये, वैतींना विचारावं. त्यांनी ते पडद्यावर दोनदा वाचलं आणि उगाच चष्मा पुसला.

या पावसाळ्यात ते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना बोलायला सांगितलं, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हिला सांगा, ही बोलते हल्ली. लेबलं प्रभूसाहेबांना आधी का दाखवली नाहीत, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. आठ महिने शेजारी बसून तेवढं एक राहिलं.

त्यानंतर कारखान्यातून फोन आला की निवृत्त माणसाचं नाव प्रोग्राममध्ये ठेवता येत नाही, ते काढा. मी गेले. त्यांच्या खुर्चीवर बसून ती ओळ उघडली. नाव खोडलं. नुसतं 'मिसळू नये' ठेवून चाललं नसतं. का, असं कुणालातरी कधीतरी वाटणारच, आणि तो कुणीतरी कदाचित माझ्यासारखाच असेल, आठ फुटांवरच्या माणसाला न विचारणारा. मग तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि पुढे आमच्या ऑफिसचा फोन नंबर.

गेल्या मंगळवारी फोन वाजला. तिकडे नवीन लागलेली एक मुलगी होती, इतक्या हळू आवाजात बोलत होती की मला दुसऱ्या कानात बोट घालावं लागलं. सॉरी म्हणाली, डिस्टर्ब करते म्हणाली, दोन ओळींबद्दल विचारायचं होतं म्हणाली.

मी म्हणाले, विचार गं. आणि मग आम्ही बोलत बसलो. रेश्माने घड्याळ लावलेलं होतं. पंधरा मिनिटांच्या वर झाली.